पहिला की दुसरा

आधीच सांगून ठेवतो, दुकानात कुणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी स्वतः दुकानदार. सदतीस वर्षं चष्मे विकले, नंबर काढले, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या. गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्याआधी मला कळतं, असा माझा समज होता. बायको म्हणायची, "समजच तो." काउंटरवर ती बसायची आणि फ्रेमा तीच निवडून द्यायची. माणूस दारातून आत आला की त्याचा चेहरा बघून ती नेमका एक खण ओढायची. माणूस तासभर सगळं दुकान उलथंपालथं करायचा आणि शेवटी त्याच खणातली फ्रेम घेऊन जायचा. मी नंबर काढायचो, नाव मात्र तिचं व्हायचं. मला राग यायचा, पण गल्ला भरायचा म्हणून गिळायचो.

आता दुकान बंद करून दोन महिने झालेत. घरी असतो. आणि घरी बसल्या बसल्या आमचा सीडी प्लेअर बंद पडला.

आमच्याकडे जुना स्टिरिओ आहे. एक अ‍ॅम्प्लिफायर, हाताला जड, आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. ते आम्ही तरुणपणी पोटाला चिमटा घेऊन घेतले होते, आणि अजून ठणठणीत आहेत. प्लेअर नंतर आला आणि आधी गेला. पहिल्यांदा गाणं अडखळायला लागलं. मग सीडी आत घातली की आत कुरकुर, कुरकुर, आणि पुढे काहीच नाही. मी तो काखोटीला मारून रेडिओमामाकडे नेला. रेडिओमामा म्हणजे पुलाच्या पलीकडच्या गल्लीत जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारा माणूस. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. त्याने झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावून आत बघितलं आणि म्हणाला, "साहेब, लेन्स गेली. याची लेन्स आता मिळत नाही."

"चष्मेवाल्याला सांगताय लेन्स मिळत नाही म्हणून?" मी म्हणालो.

तो हसला. मला काही फारसं हसू आलं नाही, कारण घरात खरी अडचण डोळ्यांचीच होती.

माझ्या बायकोला काचबिंदू आहे. हा आजार कडेकडेने नजर खात येतो. मधलं बराच काळ शाबूत ठेवतो, त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय याचा पत्ताच लागत नाही. वर्षभर तिचा उजवा दंड कुठे ना कुठे आपटत होता. दाराची चौकट, कपाटाची कड, दुकानातला आरसा. आणि मी काय म्हणत होतो? "अगं, बघून चालत जा की." माझ्याकडे आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाला मी सांगत आलो, नंबर मी काढतो, पण एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब तपासून घ्या. शेकडो लोकांना सांगितलं. बायकोला नाही सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, दुसरा नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. पाचव्या ओळीला ती थांबली. दोनच महिन्यांपूर्वी माझ्या दुकानात तिने आठच्या आठ ओळी धडाधडा वाचल्या होत्या. मी तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या गार पडलो. माझ्या दुकानातला तक्ता तिने सदतीस वर्षं रोज पाहिला होता, रोज दहा गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकला होता. तिला तो पाठ होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही. तिने मला फसवलं, की मीच फसलो? मी तिला विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही, आणि आमच्या घरात ती गोष्ट न उघडलेल्या पत्रासारखी पडून राहिली.

दुसरी तपासणी मशीनवर होती. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. तिने छान बटणं दाबली. कागद बाहेर आला तो मला बराच बरा वाटला. डॉक्टरांनी मात्र तो बघून मान हलवली. डॉक्टर म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची मुलगी, पण बोलायला सरळ.

"यांनी दिवा नसतानाही बटण दाबलंय," ती म्हणाली. "एकदोनदा नाही, बऱ्याच वेळा. हा कागद खोटा आहे. याच्यावर मी ऑपरेशन करायचं की नुसत्या थेंबांवर ठेवायचं ते ठरवू शकत नाही. आणि चुकीचं ठरवलं तर राहिलेली नजरही जाईल. पुढच्या सोमवारी परत करू. काकू, दिसलं नाही तर दाबायचं नाही. एवढंच."

"हो हो," बायको म्हणाली.

त्या "हो हो"वर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

घरी आल्यावर मी सोमवारचा विषय काढला की ती प्लेअरचा काढायची. "सोमवारचं सोमवारी. आधी माझी गाणी चालू करा." वाचायला आता तिला त्रास होतो, अक्षरं अर्धी येतात, अर्धी पळतात. दिवसभर ती ऐकत बसते. लेकीने फोनवर सांगितलं की, आई, हल्ली सगळं फोनवरच मिळतं, सीडीचं कसलं घेऊन बसलीस. बायको म्हणाली, "त्या गुळगुळीत काचेवर मी बोट कुठे ठेवू ते सांग." आणि फोन माझ्याकडे दिला. लेक मला म्हणाली, "बाबा, तुमची काही चूक नाहीये हं यात." मी फोन बायकोकडे दिला.

नव्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात आम्ही आधी जाऊन आलो. तिथला विक्रेता म्हणाला, "सर, आता सीडी कोण ऐकतं?" मी म्हणालो, "आम्ही दोघं समोर उभे आहोत ते काय भुतं आहेत?" चांगले प्लेअर होते तिथे, पण त्यांच्या किमती बघून बायकोने माझी बाही ओढली. स्वस्तात होता तो सिनेमाच्या डिस्कवाला, त्यावर गाणं निवडायचं तर टीव्ही लावून पडद्यावरची बारीक यादी वाचायची. म्हणजे आंधळ्यापुढे नाच. राहू दे म्हटलं, आणि गुरुवारी सकाळी तिला घेऊन मामाकडे गेलो.

मामाने आमच्यासाठी तीन जुने प्लेअर काढून ठेवले होते, तिन्ही आमच्या आवाक्यातले. पहिला पातळ आणि काळा, समोर एका रांगेत सात सारखी बटणं. दुसरा रुबाबदार, समोर नुसती चकचकीत पट्टी, बटणं नाहीतच, बोट टेकवायचं. तिसरा भला थोरला, करड्या रंगाचा, दिसायला अगदी गोणपाट.

"स्पीकर कुठले आहेत तुमचे?" मामाने विचारलं.

मी सांगितलं. तो म्हणाला, "ते जरा तोंडाळच. वरचे स्वर टोचतात. त्यांच्याबरोबर फार तल्लख प्लेअर लावू नका, डोकं उठेल. घरात दोघंही फटकळ असले की काय होतं?"

"ते मला नका विचारू," बायको म्हणाली.

त्याच्याकडेही तोंडाळ स्पीकरची एक जोडी होतीच. बायकोने बरोबर आणलेल्या सीडीची दुसरी प्रत त्याच्या खोक्यात सापडली, म्हणून दोन प्लेअर एकाच वेळी लावून अ‍ॅम्प्लिफायरचा खटका फिरवून तुलना करता येणार होती. मला हे फार आवडलं. हे माझंच काम होतं. डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं?

मामाने पहिला लावला, मग दुसरा. दुसरा एकदम भारी वाटला. मी मान डोलावणार एवढ्यात मामा म्हणाला, "थांबा, याचा आवाजच मुळात मोठा आहे. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो." त्याने आवाज बारीक करून दोन्ही सारखे केले, बटणावर पेन्सिलची खूण केली. मी त्याच्याकडे जरा आदराने बघितलं. आमच्यातही हेच असतं. मायनसचा नंबर जरुरीपेक्षा थोडा जास्त दिला की अक्षरं काळीकुट्ट दिसतात, माणूस खूश होतो, आणि घरी जाऊन कपाळ धरून बसतो. या माणसाला त्याचं काम येत होतं.

आवाज सारखे केल्यावरही दुसराच सरस होता. गाणाऱ्या बाईने श्वास घेतलेला ऐकू येत होता.

"आता तू सांग," मी बायकोला म्हणालो. खटका फिरला. "हा पहिला." खटका फिरला. "आणि हा दुसरा?"

"दुसरा," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मोकळा वाटतो."

मला आनंद झाला, आणि लगेच शंकाही आली. कारण तिने उत्तर फार पटकन दिलं होतं. गिऱ्हाईक असं पटकन उत्तर द्यायला लागलं की आम्ही एक जुनी युक्ती करतो. भिंग बदलल्यासारखं करायचं, पण तेच परत लावायचं. मग विचारायचं, पहिलं की दुसरं? खरा माणूस म्हणतो, सारखंच आहे हो. पण ज्याला आपल्याला खूश करायचंय तो म्हणतो, दुसरं बरं.

मी बायकोच्या उजव्या बाजूला उभा होतो. तिथून मी हाताने काहीही केलं तरी तिला दिसत नाही, हे मला आता माहीत होतं, आणि त्याचा मी फायदा घेतला. मामाला खूण केली की खटका पलीकडे न्या आणि परत तिथेच आणा. लाज वाटली, पण केलं. गाण्यात क्षणभर खंड पडला आणि तोच प्लेअर पुन्हा वाजायला लागला.

"आता?" मी म्हणालो. "आधीचा, की हा दुसरा?"

"हा दुसरा," ती म्हणाली. "जरासा गोड आहे."

"दोन्ही वेळा एकच होता."

मामाने गाणं बंद केलं. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. "तक्ताही असाच वाचलास तू. डॉक्टरांकडे बटणही असंच दाबलंस. दिवा नाही, काही नाही, आपलं दाब बटण. सोमवारीही हेच करणार आहेस. ती पोरगी त्या कागदावर तुझा डोळा कापायचा की नाही ते ठरवणार आहे, आणि तू मला खूश करत बसलीस."

मामा म्हणाला, "मी जरा आत कावियाचं बघतो," आणि डाग द्यायचा तो काविया हातातच असताना आत निघून गेला.

बायको स्टुलावर बसली. तिचे हात मांडीवर होते. मी आवाज चढवला तरी ती कधीच चढवत नाही, ही तिची जुनी खोड.

"पहिल्या वेळी सगळं दिसलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी शेवटची ओळ अंधुक होती, पण अक्षरं माहीत होती. त्याच्या पुढच्या वेळी कुठलं दिसतंय आणि कुठलं आठवतंय, ते माझं मलाच कळेना. खरंच सांगते, कळेना. मी खोटं नाही बोलले हो."

मी उभाच होतो.

"आणि तुम्ही विचारायचात कसं ते आठवा. बाकीच्यांना विचारता, काय दिसतंय ते वाचा. खुर्चीत बसवून, दिवा लावून. मला कधी तपासायचात? संध्याकाळी शटर ओढताना. एक हात शटरला. 'दिसतंय ना सगळं? चल, वाच पटकन.' मी नाही म्हटलं असतं तर तुमचं तोंड कसं झालं असतं ते मला माहीत होतं. सदतीस वर्षं मी तोंडंच तर बघितली त्या दुकानात."

"मग डॉक्टरांकडे तरी," मी म्हणालो.

"डॉक्टरांकडे तुम्ही माझ्या मागे उभे होतात. जरा वेळ मी बटण दाबलं नाही की तुमचा श्वास अडायचा. मला ऐकू येतं ते. मग मी दाबायची. आत्ताही 'दुसरा' म्हणताना तुमचा आवाज किती वर जातो, तुम्हाला कल्पना आहे का?"

नव्हती. एवढ्या वर्षांत नव्हती. मला वाटत होतं मी तिला विचारतोय, आणि मी तिच्या हातात उत्तर कोंबत होतो. राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी खूप घाबरलो. माझ्या नुसत्या जवळ असण्याने या बाईची नजर जाणार होती.

तिने हाक मारली. "मामा, या बाहेर. तिन्ही बंद करा आणि माझ्यासमोर ठेवा. आणि तुम्ही जरा लांब जा."

शेवटचं वाक्य मला होतं. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो.

तिने आधी डोळे मिटले. पातळ प्लेअरच्या रांगेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. "सगळी एकसारखी. चौथं कुठलं ते मोजत बसावं लागेल." रुबाबदार प्लेअरच्या पट्टीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "हा तर फोनच." मग तो गोणपाट. त्यावर तिची बोटं रेंगाळली. डाव्या टोकाला ट्रे उघडायचं चौकोनी बटण, एकटं. मधे चालू करायचं मोठं बटण, त्यावर एक उंच रेघ. उजवीकडे दोन ओळींत दहा आकड्यांची बटणं, पाच वर, पाच खाली. तिने बोटांनी मोजलं आणि म्हणाली, "सातवं गाणं लावू?" मामाने सीडी घातली. तिने खालच्या ओळीतलं दुसरं बटण दाबलं. सातवं गाणं लागलं.

आवाज काय सांगू. बाई घोंगडीखालून गात होती.

"अगं, याचा आवाज मंद आहे," मी दारातून म्हणालो.

"तुमच्या तोंडाळ स्पीकरांवर इतका नाही वाटायचा," मामा म्हणाला. "पण दुसऱ्याची सर नाही, हे खरं. याचा ट्रेचा पट्टाही सैल झालाय, तो बदलून देईन. आठवडा द्या."

तिन्हींत तोच सगळ्यात स्वस्त होता. माझ्या मनात लगेच आलं, म्हणूनच घेतेय. मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकेक शब्द सपाट ठेवत म्हणालो, "तुला कुठला हवाय?"

"हा."

"का?"

"तुम्हाला हाक न मारता मला लावता येईल."

"मी कधी नाही म्हटलंय का?"

"नाही कुठे म्हणता? धावत येता. तोच तर त्रास आहे."

मी मामाला म्हटलं, हाच ठरला, पट्टा बदलून द्या.

सोमवारी डॉक्टरांच्या दारात तिने माझा हात सोडवला आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसलो. समोर एक पोस्टर होतं, डोळ्याचा आडवा छेद, मी जन्मभर बघितलेला. मी ते पुन्हा वाचलं. आत मशीनची टिकटिक ऐकू येत होती, आणि मधेमधे बराच वेळ काहीच नाही. प्रत्येक वेळी वाटायचं उठावं, दार लोटावं, खुर्चीमागे जाऊन उभं राहावं. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. शेजारचा माणूस म्हणाला, "तुमचं पण ऑपरेशन का?" मी नाही म्हटलं.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. नव्या कागदावर काळं जास्त होतं. खूप जास्त. उजव्या डोळ्याचा तर निम्म्यावर भाग काळा.

"मागच्यापेक्षा वाईट दिसतोय," डॉक्टर म्हणाली, "पण हा खरा आहे. एकदाही चुकीचं बटण नाही. आता मला कळतंय काय करायचं ते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, याच महिन्यात. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राहावं म्हणून."

मला हायसं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून स्वतःची चीडही आली. बायकोचा डोळा निम्मा काळा, आणि हा शहाणा सुटकेचा निश्वास टाकतोय. बायकोने कागद हातात घेतला, मान वाकडी करून डाव्या डोळ्याजवळ नेला, आणि म्हणाली, "एवढं नाही दिसत होय मला. मला वाटलं होतं त्याहून जास्तच आहे की." मग तो घडी करून पिशवीत ठेवला. रिक्षात बसल्यावर ती सगळा रस्ता माझ्या खांद्याला टेकून होती.

प्लेअर गुरुवारी आला. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे घुसून वायरी लावल्या, लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची, आणि धूळ झटकत बाहेर आलो. "आता बसा," ती म्हणाली. मी बसलो. तिने कपाटातून एक सीडी काढली. दुसऱ्या फळीवरची डावीकडून चौथी, हे तिने ठरवूनच ठेवलंय. डबी उघडायला वेळ लागला. ट्रे बाहेर आला. तिने सीडी ठेवली ती खोबणीत नीट बसलीच नाही, तिरकी राहिली. मला लांबूनही दिसत होतं. माझे गुडघे आपोआप उचलले गेले. मी परत टेकलो. तिने कडेवरून बोट फिरवलं, तिरकेपणा तिच्या हाताला लागला, तिने ती सरळ केली. ट्रे आत गेला. मधलं बटण. गाणं सुरू झालं.

मंदच होतं. पण मामा म्हणाला तेही खरं होतं, आमच्या स्पीकरांवर जरा उजळलं होतं. निदान घोंगडी तरी उतरली होती. ती स्पीकरांसमोर माझ्या डावीकडच्या खुर्चीत येऊन बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला. दुपारची वेळ, खिडकी उघडी, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

इतके दिवस माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती. माझी चूक नाही, असं लेकीने फोनवर परत परत सांगितलं होतं, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, डॉक्टरनेसुद्धा सभ्यपणे सांगितलं होतं. पण ज्या एका माणसाने ते सांगावं असं मला वाटत होतं, तिने तो शब्द काढला नव्हता. आणि मी तिला विचारलं असतं तर कसं विचारलं असतं तेही मला ठाऊक होतं. म्हणून मी दोन गाणी थांबलो. आवाज ताब्यात येईपर्यंत थांबलो. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत विचारलं.

"तुझं हे आधी लक्षात आलं नाही, ती चूक कुणाची?"

गाणं चालू होतं. ती ऐकतेय की विचार करतेय ते कळेना. मी श्वास अडू दिला नाही, मुद्दाम सावकाश घेत राहिलो.

"तुमची," ती म्हणाली. "थोडी माझी. पण जास्त तुमची. परक्या बाईला तुम्ही असं शटर ओढताना तपासलं नसतं."

ती 'तुमची नाही' म्हणेल असं मला वाटत होतं, अगदी शेवटपर्यंत वाटत होतं. माझे डोळे भरून आले. तिला ते दिसलं की नाही ठाऊक नाही, मी तिच्या उजवीकडे बसलो होतो.

"हो," मी म्हणालो.

तिने हात पुढे करून चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. गाणं संपेपर्यंत धरून ठेवला. मग ती उठली, तिने स्वतःच ट्रे उघडला, सीडी काढून डबीत ठेवली, आणि दुसरी आणायला कपाटाकडे गेली.